राजमान्य आणि लोकमान्य

मराठी पत्राचा जुना मायना 'राजमान्य राजश्री' असा असे. पुढे त्याचे 'रा. रा.' झाले आणि ज्याचे नाव कुठल्याही राजाच्या कानावर जाण्याची शक्यता नव्हती, अशा माणसाच्या लग्नपत्रिकेवरही ते छापले जाऊ लागले. मान हा राजाकडून येतो, वरून खाली येतो, हे भाषेने इतके गृहीत धरले होते की ते सांगायची वेगळी गरज उरली नव्हती. म्हणून टिळकांना लोक 'लोकमान्य' म्हणू लागले तेव्हा फक्त 'राज'च्या जागी 'लोक' आले असे नव्हे. मान देणाऱ्याची जागाच बदलली. हा मान सरकारी राजपत्रात छापून येत नव्हता, आणि सरकारला तो काढूनही घेता येत नव्हता.

मी जबलपूरला राहते आणि अनुवाद करते. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या विधिमंडळाविषयीचा इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यात पानोपानी नावे येतात आणि एकही नाव एकटे येत नाही. कुणापुढे सर, कुणापुढे रावबहादूर, कुणापुढे दिवाणबहादूर, तर कुणामागे सी.आय.ई. किंवा के.सी.आय.ई. माझ्या संपादकांचे मत असे की ही शेपटे कापून टाकावीत. आजच्या वाचकाला त्यांचा अडथळा होतो, आणि स्वतंत्र देशाच्या भाषेत परक्या राजाचे किताब कशाला मिरवायचे? सूचना वाजवी आहे. पण ती मान्य करण्याआधी हे किताब तिथे काय काम करत होते हे पाहणे मला आवश्यक वाटले. निवडून आलेल्या माणसाच्या नावापुढे राजाने दिलेला शब्द लागतो तेव्हा त्या माणसाचे, आणि त्याला मत देणाऱ्यांचे, नेमके काय होते, हा प्रश्न त्या शेपटात अडकला आहे.

आधी शब्दाचीच गंमत सांगते. आपण मराठीत 'किताब' म्हणतो तो मुळात अरबी 'खिताब'. पुस्तकाला म्हणतात ती 'किताब' वेगळी. हिंदीने हे दोन शब्द वेगळे ठेवले, मराठीने त्यांचा उच्चार एकच करून टाकला. त्यामुळे 'त्यांना सर हा किताब मिळाला' हे वाक्य जबलपूरच्या बाजारात मराठीतून बोलले तर ऐकणाऱ्याला वाटते, कुणाला तरी पुस्तक बक्षीस मिळाले. 'पदवी'चेही तसेच. विद्यापीठ देते तीही पदवी आणि सरकार देत असे तीही पदवी. एक अभ्यासाने मिळते, दुसरी मर्जीने, पण भाषा दोघींना एकाच पाटावर बसवते. आणि 'सर' तर काय, शाळेतल्या गुरुजींच्या नावामागे लागला की आदर, नावापुढे लागला की ब्रिटिश सरदारकी, आणि 'देशमुख'ला चिकटला की जुने वतन. चिंतामणराव देशमुखांना १९४४ साली ब्रिटिश सरकारने 'सर' केले, तेव्हा 'सर देशमुख' आणि 'सरदेशमुख' यांत फक्त एका मोकळ्या जागेचे अंतर राहिले.

जबलपूरला या विषयाची मुळे फार खोल आहेत, आणि ती उकरताना मराठी माणसाने आपला वाटाही पाहिला पाहिजे. गढा-मंडल्याच्या गोंड राजवटीचा शेवट इंग्रजांनी केला नाही. तो १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी केला. पुढे १७९८ मध्ये नर्मदेचा हा पट्टा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला. गोंड घराण्याकडे नावापुरते राजेपण आणि थोडे निवृत्तिवेतन उरले. त्या घराण्यातले राजा शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले गेले. उठावाचा कट केला, हा त्यांच्यावरचा आरोप होता.

त्याच शहरात पुढे आणखी एक राजा झाले. सेठ गोकुळदास हे मारवाडी सावकारी पेढीचे मालक. आधी रायबहादूर आणि मग सरकारने बहाल केलेल्या किताबाने 'राजा'. रेल्वे स्टेशनाजवळची राजा गोकुळदास धर्मशाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे पुत्र जीवनदास दिवाणबहादूर झाले. एका पिढीत 'राजा' हा शब्द रक्ताच्या वारशाने धारण करणारा माणूस तोफेला बांधला गेला आणि पुढच्या काळात तोच शब्द सरकारी कागदावर सही होऊन एका पेढीच्या मालकाला मिळाला. गोकुळदासांच्या दानधर्माला यात कमी लेखायचे कारण नाही; धर्मशाळेत उतरणाऱ्या यात्रेकरूला देणाऱ्याच्या नावापुढचा शब्द कुणी दिला याची फिकीर नसते. पण शब्दाची मालकी बदलली होती. राजा कोण, हे आता सरकार ठरवणार होते.

हे ठरवण्याची एक नीट शिडी होती. सर्वांत खालच्या पायरीवर रावसाहेब, रायसाहेब, खानसाहेब, त्यावर रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर, त्यावर दिवाणबहादूर. १९११ साली या तीन पायऱ्यांसाठी तीन वर्गांची पदके निघाली. त्यांच्या पलीकडे ब्रिटिश 'ऑर्डर'ची वेगळी शिडी, जिच्या वरच्या टोकाला 'सर' होता. याद्या वर्षातून दोनदा निघत: नववर्षाला आणि राजाच्या वाढदिवसाला. मुंबई-मद्रासकडे 'राव', उत्तरेकडे 'राय' असा साधारण रिवाज होता. मध्य प्रांतात मराठी आणि हिंदी दोन्ही नांदत असल्याने दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसत. नागपूरचा वकील रावबहादूर होई, जबलपूरचा मालगुजार रायबहादूर. पद एकच, सरकार एकच, पण भाषेप्रमाणे एक अक्षर बदलून दिलेले. परक्या राजवटीने स्थानिक भाषेची एवढी काळजी शाळांच्या बाबतीत क्वचितच घेतली असेल.

विलायतेत हाच कारभार निवडणुकीच्या राजकारणाशी उघड जोडलेला होता, आणि आजही आहे. निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली की मावळत्या खासदारांपैकी काहींना लॉर्ड करण्याची प्रथा तिथे आहे. १९५८च्या कायद्याने तहहयात सरदारकीची सोय झाली, त्यामुळे हे काम सोपे झाले. २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी निघालेल्या यादीत माजी पंतप्रधान थेरेसा मे यांचे नाव होते. लोकांनी निवडलेल्या सभागृहातून निवृत्त व्हायचे आणि कुणीही न निवडलेल्या सभागृहात जाऊन बसायचे, ही तिथली रीत. लॉइड जॉर्ज यांच्या काळात तर या किताबांचे दरपत्रकच फिरत होते. सरदारकीसाठी पक्षनिधीत किती पौंड टाकायचे हे दलाल सांगत. १९२२ मध्ये त्याचा बोभाटा झाला आणि १९२५ मध्ये किताबविक्रीला गुन्हा ठरवणारा कायदा ब्रिटिश संसदेला करावा लागला.

या सरदारकीच्या यादीत एकच भारतीय वंशपरंपरागत लॉर्ड आहेत: सत्येंद्रप्रसन्न सिन्हा, १९१९ साली झालेले 'बॅरन सिन्हा ऑफ रायपूर'. आमच्या बाजूच्या वाचकाने इथे चटकन छत्तीसगडची आठवण काढू नये. हे रायपूर बंगालमधले. सिन्हांना लॉर्ड करण्यामागे व्यवहार होता. ते भारतमंत्र्यांचे उपमंत्री झाले होते आणि १९१९चा भारत सरकार कायदा हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मांडून पुढे न्यायचा होता. भारतीयांना मर्यादित मताधिकार आणि प्रांतिक मंत्रिपदे देणारा कायदा, आणि तो मांडणारा भारतीय त्या सभेत बसू शकला तो मताने नव्हे, किताबाने. पुढच्या तीस वर्षांतल्या राजकारणाची सगळी विसंगती या एका दृश्यात दिसते.

त्या कायद्याखालची पहिली निवडणूक १९२०च्या अखेरीस झाली. त्याआधी सप्टेंबरात कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा कार्यक्रम स्वीकारला होता, आणि त्यातले पहिले कलम होते सरकारी किताब आणि मानद पदे परत करण्याचे. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच अधिवेशनाने काँग्रेसचे प्रांत भाषेप्रमाणे पाडले, आणि मध्य प्रांताचे तीन तुकडे झाले. मराठी विभागाचे ठाणे नागपूर, वऱ्हाडचे अमरावती आणि हिंदी विभागाचे जबलपूर. नागपूर अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. त्यांच्याकडे रायबहादूर हा किताब होता. तो त्यांनी परत केला. मारवाडी पेढीची परंपरा तीच, सरकारशी घरोबाही तसाच. पण गोकुळदासांच्या पिढीने जो शब्द मिळवला तो बजाजांच्या पिढीने टाकून दिला. खुद्द गोकुळदासांचे नातू गोविंददास हेही काँग्रेसमध्ये आले, आणि राजवाड्यातल्या या मुलाने पुढे तुरुंगवास पत्करला.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर हा इतिहास फार सोपा होईल. किताब परत करणे ज्यांना परवडत होते त्यांची नावे इतिहासात आहेत. ज्यांना परवडत नव्हते त्यांची नाहीत. आमच्या घराण्यात एक रावसाहेब होऊन गेले. जमीन नव्हती, पेढी नव्हती. सरकारी खजिन्यात तीस वर्षे हिशेब चोख ठेवल्याबद्दल निवृत्तीच्या सुमारास मिळालेला तो सर्वांत खालचा किताब. त्यांच्या मुलाने खादी घातली आणि बापाच्या किताबाविषयी घरात बोलणे बंद केले. पण कर्ज काढताना, मुलीचे स्थळ पाहताना, फौजदारासमोर उभे राहताना तो शब्द घराच्या उपयोगी पडत होता, हे त्या मुलालाही ठाऊक होते. किताब ही काहींची हौस होती, काहींची गुंतवणूक होती आणि काहींसाठी ती फक्त पाठीवरची छत्री होती. तिघांना एकाच मापाने मोजले तर न्याय होत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. १९२३च्या निवडणुकीत स्वराज्य पक्ष विधिमंडळांत उतरला तो सरकार आतून अडवण्यासाठी. मध्य प्रांतात त्याला स्पष्ट बहुमत मिळाले. १९२४च्या आरंभी मंत्र्यांवर अविश्वास व्यक्त झाला, आणि अंदाजपत्रकाच्या वेळी मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये करण्यात आला. या दोन रुपयांना मी फार मानते. मंत्रिपद रद्द करण्याचा अधिकार सभासदांना नव्हता, पगार ठरवण्याचा होता. गव्हर्नरने दिलेल्या मानाला लोकप्रतिनिधींनी लावलेली ती किंमत होती. मंत्री गेले, गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना सोपीव खाती स्वतःच्या हाती घ्यावी लागली, आणि द्विदल राज्यपद्धती या प्रांतात काही काळ बंद पडली.

सरकारने यातून धडा घेतला. विरोधकाला रावबहादूर करून उपयोग नव्हता. किताब घेतला तर माणूस आपल्या लोकांत हास्यास्पद ठरे. पण जागा दिली तर? ऑक्टोबर १९२५ मध्ये प्रांताचे गृहसदस्य सर मोरोपंत जोशी निवृत्त झाले. त्या जागेवर गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांनी श्रीपाद बळवंत तांबे यांना नेमले. तांबे अमरावतीचे वकील, स्वराज्य पक्षाचे, आणि त्या वेळी विधिमंडळाचे अध्यक्ष. त्यांनी पद स्वीकारले. पक्षात स्फोट झाला. मोतीलाल नेहरूंनी कडक शब्दांत निषेध केला, न. चिं. केळकर, मु. रा. जयकर आणि डॉ. मुंजे यांना तांब्यांचे पाऊल समजण्यासारखे वाटले. या वादातून प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा राहिला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला त्याने आकार घेतला. महाराष्ट्र, नागपूर आणि वऱ्हाड एका बाजूला, अलाहाबाद दुसऱ्या बाजूला, अशी ती फूट होती.

तांब्यांची बाजू पोकळ नव्हती. पोलीस आणि तुरुंग ज्या खात्याकडे असतात तिथे आपला माणूस बसला तर काही तरी सौम्य होईल, हे टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेच्या विचाराशी जुळणारे होते. मंत्र्यांना दोन रुपये पगार देणाऱ्या पक्षाचा माणूस आता गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात बसणार, ही विसंगतीही तितकीच खरी होती. १९२९ मध्ये गव्हर्नर रजेवर असताना तांबे हंगामी गव्हर्नर झाले. एका मराठी वकिलाने प्रांताच्या सर्वोच्च खुर्चीत बसावे याचा अभिमान वाटलेली घरे वऱ्हाडात होती, आणि त्याच कारणाने लाज वाटलेली घरेही होती. १९२६च्या निवडणुकीनंतर बिलासपूरचे बॅरिस्टर ई. राघवेंद्र राव आणि अमरावतीचे रामराव देशमुख मंत्री झाले, आणि दोन रुपयांची ती गोष्ट मागे पडली.

मला वाटते, किताबांच्या इतिहासातले खरे वळण इथे आहे, आणि ते बहुधा नजरेतून सुटते, कारण तांब्यांच्या बाबतीत बोलायला किताबच नव्हता. होती ती नेमणूक. मान देण्याचे काम शब्दाकडून जागेकडे सरकले होते. परत केलेला किताब दिसतो. त्याची सभा होते, टाळ्या पडतात. स्वीकारलेली जागा मात्र नेहमी 'लोकहितासाठी' स्वीकारलेली असते, आणि कधी कधी ती खरोखर तशी असतेही. त्यामुळे तिचा हिशेब करणे अवघड.

किताब घेतलेल्यांनी काही केले नाही असेही नाही. याच सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बालविवाहाच्या प्रश्नावर देशभर साक्षी घेतल्या, आणि १९२९च्या शारदा कायद्यामागे त्या अहवालाचे बळ होते. सागरचे हरिसिंह गौर केंद्रीय विधिमंडळात निवडून गेलेले कायदेपंडित. १९२५ मध्ये ते 'सर' झाले. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःची कमाई ओतून सागरला विद्यापीठ उभे केले. आज ते विद्यापीठ त्यांच्याच नावाने आहे, पण नावापुढे 'सर' नाही. 'डॉक्टर हरिसिंह गौर विश्वविद्यालय' असे ते आहे. दोन पदव्यांपैकी राजाने दिलेली गळाली, अभ्यासाने मिळवलेली राहिली.

राज्यघटनेने जवळजवळ हीच निवड केली. १९४७च्या एप्रिलमध्ये संविधान सभेपुढे मूलभूत हक्कांचे पहिले प्रारूप आले तेव्हा त्यात फक्त वंशपरंपरागत किताबांना बंदी होती. मिनू मसानी यांनी 'वंशपरंपरागत' हे विशेषण काढायला लावले. थोर नागरिकांचा गौरव करावा, पण नावापुढे-मागे लावायचा शब्द देऊ नये, असा त्यांचा मुद्दा होता. ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर १९४८ रोजी हे कलम पुन्हा चर्चेला आले. डॉ. आंबेडकरांनी त्यावर जे सांगितले ते फार महत्त्वाचे आहे: किताब न स्वीकारणे हा हक्क नव्हे, ते नागरिकावर टाकलेले कर्तव्य आहे, नागरिक असण्याची अट आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात बसलेले हे एक कर्तव्यच आहे. शेवटी ते अठरावे कलम झाले. सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून हरिसिंह गौर होते आणि सेठ गोविंददासही होते. एकाकडे स्वतःचा 'सर', दुसऱ्याच्या घरात आजोबांचा 'राजा' आणि वडिलांचा 'दिवाणबहादूर'. किताब संपवणाऱ्या सभेत किताबांच्या घरातली माणसे बसली होती.

अठराव्या कलमात दोन अपवाद आहेत: लष्करी आणि शैक्षणिक. हे दोन अपवाद बघायचे तर जबलपूरसारखे दुसरे गाव नाही. छावणीच्या रस्त्याने चालत गेले तर फाटकाफाटकावर कर्नल, ब्रिगेडियर, कॅप्टन. सेवा संपून वर्षे झाली तरी पाट्या तशाच. शहराच्या बाजूला वळले की डॉक्टर आणि प्राध्यापक. त्यांच्यात भर १९५६ नंतरची. मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय इथे आले आणि न्यायमूर्तींच्या पाट्या लागल्या. ते पदनाम आहे, किताब नव्हे, पण निवृत्तीनंतरही फाटकावरून ते सहसा उतरत नाही. घटनेने राजाला नावापुढून हटवले. नाव एकटे राहू द्यायचे मात्र आपल्याला जमलेले नाही.

सरकारलाही ते जमले नाही. १९५४ च्या जानेवारीत भारतरत्न आणि पद्मविभूषण स्थापन झाले. पद्मविभूषणाचे तीन वर्ग होते, पहिला, दुसरा, तिसरा. रावसाहेब-रावबहादूर-दिवाणबहादूर या तीन वर्गांची आठवण व्हावी असेच ते होते. वर्षभरात त्यांना वेगळी नावे मिळाली. १९६१ मध्ये पद्मभूषणाच्या यादीत साहित्य आणि शिक्षणासाठी एक नाव होते: जबलपूरचे विद्यमान खासदार सेठ गोविंददास. त्यांनी हिंदीत विपुल नाटके लिहिली होती, तेव्हा गौरव अस्थानी नव्हता. पण निवडून आलेल्या सत्ताधारी सदस्याला त्याच्याच पक्षाच्या सरकारने सन्मान द्यावा, यातला प्रश्न साहित्याने मिटत नाही. आचार्य कृपलानींनी १९६९ मध्ये हे सन्मान रद्द करण्याचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. जनता सरकारने १९७७ मध्ये ते बंद केले, १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. १९९२ मध्ये हा वाद दोन उच्च न्यायालयांत गेला. एक केरळचे, दुसरे आमचे, त्याच्या इंदूर खंडपीठात. १५ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत, मात्र ते नावापुढे किंवा नावामागे लावता येणार नाहीत. मसानींचे म्हणणे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर कायद्याच्या भाषेत आले. तरीही कार्यक्रमपत्रिका उघडा. 'पद्मश्री' नावाआधी असतोच.

आणि जागांचे काय? २००३च्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर बांधला. त्यामुळे निवडणुकीनंतर ज्यांना आत घेता येत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे एक शब्द फार उपयोगी ठरला आहे: 'दर्जा'. महामंडळाचे अध्यक्ष, मंडळाचे उपाध्यक्ष, आणि सोबत 'राज्यमंत्री दर्जा'. खाते नाही, विधानसभेत उत्तर द्यायचे नाही. गाडी, कार्यालय आणि पाटी आहे. एप्रिल २०१८ मध्ये मध्य प्रदेश सरकारने नर्मदेच्या कामासाठी म्हणून पाच साधुमहाराजांना राज्यमंत्र्यांचा दर्जा दिला. त्या वर्षअखेर निवडणूक झाली, सरकार बदलले, आणि नव्या सरकारने त्या पाचांतल्या एकांना नदी न्यासाचे अध्यक्ष केले. पक्ष दोन, रीत एक. महाराष्ट्रातही महामंडळांच्या वाटपाच्या बातम्या प्रत्येक निवडणुकीनंतर येतात. नावे बदलतात, वाक्ये बदलत नाहीत. 'दर्जा' हा शब्द घटनेच्या अठराव्या कलमात सापडत नाही, म्हणून त्याला बंदीही नाही. रावबहादुराला निदान कामाचे काही सोंग करावे लागत नव्हते.

उलट उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. चिंतामणराव देशमुखांची सनदी नोकरी याच मध्य प्रांतात झाली. ब्रिटिशांचे 'सर' असलेला हा माणूस स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री झाला, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकांच्या मतांनी लोकसभेत गेला, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्याने मंत्रिपद सोडले. मराठी घरांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते ते त्या राजीनाम्यामुळे. 'सर' मिळाल्याचे साल किती जणांना सांगता येईल? लोकमान्यता मिळवायला कधी कधी एक जागा रिकामी करावी लागते.

म्हणून माझ्या संपादकांना मी कळवले आहे की किताब मी कापणार नाही. कापले तर १९२४ सालच्या सभागृहातले सगळे लोक एकसारखे दिसतील. दोन रुपयांचा प्रस्ताव मांडणारे कोण आणि ज्यांच्यावर तो मांडला गेला ते कोण, हे मराठी वाचकाला कळणार नाही. पण ते मी तारखेला बांधून ठेवणार आहे. माणूस ज्या दिवशी रावबहादूर झाला त्याच्या आधीच्या पानांवर तो नुसत्या नावाने येईल, ज्याने किताब परत केला त्याचे नाव त्या दिवसापासून पुन्हा मोकळे होईल, आणि २६ जानेवारी १९५० नंतरच्या पानावर सरकारी किताब कुणाच्याच नावापुढे राहणार नाही. शंकरशहांच्या नावापुढे मात्र मी 'राजा' शेवटपर्यंत ठेवणार आहे. मराठ्यांनी त्यांच्या घराण्याचे राज्य घेतले, इंग्रजांनी त्यांचा जीव घेतला, पण तो शब्द कुठल्याच सरकारने त्यांना दिलेला नव्हता. १८ सप्टेंबरला जबलपुरात लोक जमतात तेव्हा तो अजूनही उच्चारला जातो.